शरणपूरची पोरं

अंबडच्या एमआयडीसीत कामाला लागायचं तर गेटवर पहिला प्रश्न येतो, 'ट्रेड कोणता?' फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. आईबाप कोण, गाव कुठलं, हे नंतर, आणि पुष्कळदा विचारलंही जात नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला एक्सलो पॉइंटवर उभं राहिलं की दिसतात ती खानदेशातली, मराठवाड्यातली, बिहारची, उत्तर प्रदेशातली पोरं. सगळ्यांच्या पाठीला सारखीच डब्याची पिशवी. हातात कसब असलं की परक्या गावात माणूस तग धरतो, ही नाशिकची समजूत कारखान्यांबरोबर आली असं आपण धरून चालतो. ती त्याहून शंभरएक वर्षं जुनी आहे. अंबडहून त्रिमूर्ती चौक, मायको सर्कल करत गावाकडे निघालं की पुढे शरणपूर रोड लागतो. महापालिकेचं राजीव गांधी भवन त्याच रस्त्यावर, स्वेटरांसाठी प्रसिद्ध असलेलं तिबेटियन मार्केटही तिथेच. ज्या वस्तीवरून रस्त्याला हे नाव पडलं त्या वस्तीत एकेकाळी आफ्रिकेतून आलेली अनाथ मुलं रंधा मारायला आणि घण घालायला शिकत होती.

शरणपूर वसवलं विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज पाद्र्याने, १८५४ साली. चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे सीएमएसचं, नाशकातलं काम १८३२ पासून सुरू होतं. पण नाशिक पडलं क्षेत्र. रामकुंडाच्या गावात जो ख्रिस्ती झाला तो जातीतून गेला, घरातून गेला आणि बहुधा धंद्यातूनही गेला. त्याने राहायचं कुठे आणि खायचं काय? प्राइसने गावाच्या पश्चिमेला मैलभरावर जागा घेतली आणि तिथे घरं, चर्च, शाळा, अनाथालय आणि कारखाना अशी सगळी मांडामांड केली. १८८३ सालच्या सरकारी गॅझेटियरच्या नाशिक खंडात या वस्तीची नोंद आहे. सेंट अँड्र्यूज चर्च आजही तिथे उभं आहे.

आफ्रिकन मुलं तिथे आली ती अरबी समुद्रातून. पूर्व आफ्रिकेतला गुलामांचा व्यापार तेव्हा झांझिबारभोवती फिरत होता. बेटावर लवंगेच्या बागा, त्यांना मजूर हवे. अरबस्तानात आणि इराणी आखातात घरकामाला माणसं हवीत. आतल्या मुलखात, न्यासा सरोवराच्या भोवती, गावं जाळून माणसं धरायची, किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की गलबतांत कोंबून उत्तरेकडे धाडायची. १८४५ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने इंग्रजांशी करार करून आपल्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलाम नेण्यास बंदी मान्य केली होती. त्या कराराच्या जोरावर इंग्रज आरमार गलबतं अडवायचं. गलबत पकडणं सोपं. आतल्या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न कप्तानाच्या गळ्यात पडायचा. किनाऱ्यावर परत सोडलं तर आठवड्याभरात पुन्हा विकली जाणार. घरी पाठवावं तर घर जळलेलं, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला गावाचं नाव सांगता येतं, वाट सांगता येत नाही. म्हणून एडन, म्हणून मुंबई. मुंबईत ही मुलं पोलिस कमिशनरच्या ताब्यात जायची आणि तिथून वाटली जायची. काही घरांत, काही मिशनच्या शाळांत. सीएमएसकडे आलेली मुलं १८६० च्या आगेमागे शरणपूरला ठेवायला सुरुवात झाली.

आज नाशिकरोड स्टेशनात एखादं पोर एकटं सापडलं तर चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. त्याचं नाव, त्याची भाषा, त्याचं म्हणणं कागदावर घ्यावं लागतं. १८६० मध्ये यातलं काहीच नव्हतं. मुलगा म्हणजे एक आकडा आणि त्या आकड्याला जेवू घालणारा कोणी पाद्री.

प्राइसकडे आपण कसं पाहायचं? त्याच्या धर्माशी आपलं जमो न जमो, त्याचं रोजचं काम काय असेल हे ज्याने अनाथालय जवळून पाहिलंय त्याला सांगायला नको. पाद्री म्हणून त्याने प्रवचनं केली असतील, पण दिवस खाल्ला असेल तो ज्वारीच्या पोत्यांनी, तापाच्या साथींनी, लाकूड कुठून स्वस्त पडेल याने, आणि लंडनला धाडायच्या अहवालांनी. वस्तीचा पाटील तोच, मुख्याध्यापक तोच, कंपाउंडर तोच, भांडणं सोडवणारा न्यायाधीशही तोच. मुलांचा अर्धा वेळ पाटी-पुस्तकाचा, अर्धा हत्यारांचा. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम. मुलींना शिवण आणि घरकाम. परदेशात जाऊन अनाथांची सेवा म्हटलं की कडेवर मूल घेतलेला फोटो डोळ्यांपुढे येतो. त्या सेवेचा नव्वद टक्के भाग गोदामाचा असतो, हे सेवा करणारे सहसा सांगत नाहीत. सांगितलं तर वर्गणी येत नाही.

मुलांना जेवण मिळालं, कसब मिळालं. नाव मात्र गेलं. मॅथ्यू वेलिंग्टन हा याओ जमातीचा. त्याचं मूळ नाव चेंग्विंबे. शरणपूरच्या पोरांची इतर नावं पाहा: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. प्राइस म्हणजे शरणपूरचा प्राइसच. आयझेनबर्ग हा मुंबई-नाशिककडचा जर्मन मिशनरी, आधी हबसाणात राहून आलेला. फरार हे नाशकातल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एकाचं आडनाव. न्यासाकाठचं पोर अशा रीतीने नाशिकच्या पाद्र्यांच्या गोतावळ्यात दाखल झालं. धर्माचंही तेच. मुलाला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी नाही म्हणून ते जाणार कुठे? ही बाब झाकून शरणपूरचं कौतुक करण्यात अर्थ नाही. अनाथाची निवड नेहमी दुसऱ्याच्या घरात होते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनालाही हाच प्रश्न मराठी माणसांनी विचारला होता, आणि दुष्काळात पोरी उचलून आणणाऱ्या रमाबाईंनी तो अंगावर घेतला होता.

१८६५ च्या सप्टेंबरात आफ्रिकेचा प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आला. नाईलचा उगम शोधायची ही त्याची शेवटची मोहीम. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याला नाशिकची शाळा ठाऊक होती. थळ घाटातून आगगाडी त्याच वर्षाच्या सुरुवातीला धावू लागली होती. लिव्हिंगस्टन नाशकाला गेला, प्राइसला भेटला आणि शरणपूरची नऊ पोरं मोहिमेसाठी निवडली गेली. आफ्रिकेतच जन्मलेली, इंग्रजी जाणणारी, हातात हत्यार धरता येणारी. अशी माणसं त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होती?

जानेवारी १८६६ मध्ये 'थूल' नावाच्या जहाजातून मंडळी झांझिबारला निघाली. बरोबर मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई होते, उंट होते, म्हशी होत्या. पुढे जे झालं त्यात शोभेचं फार नाही. जनावरं मेली. शिपायांनी जीव नकोसा केला, त्यांना परत धाडावं लागलं. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या पोरांवरही आळसाचे आणि जनावरांना छळल्याचे ठपके आहेत. रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी आजारी पडून वाटेत वारला. काहीजण पुढे सोडून गेले. मला हे वाचून त्या पोरांचा राग येत नाही. गुलामांच्या वाटेवरून एकदा साखळदंडाने चालत गेलेली ती मुलं, त्याच वाटेने उलटी, डोक्यावर ओझं घेऊन, अर्धपोटी चालली होती. एडवर्ड गार्डनर आणि नॅथनिएल कुंबा उर्फ मब्रुकी हे दोघे मात्र १८६६ पासून शेवटपर्यंत टिकले. चुमा आणि सुसी ही पुढे गाजलेली जोडीही याच मोहिमेत होती; त्यातल्या चुमाला लिव्हिंगस्टनने १८६४ मध्ये मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं, तर सुसी मुंबईच्या गोदीत काम करत होता.

दुसरी तुकडी १८७२ ची. लिव्हिंगस्टनचा शोध घ्यायला निघालेली एक मोहीम, वार्ताहर स्टॅन्ली त्याला आधीच उजिजीत भेटल्याचं कळून, झांझिबारलाच विस्कटली. तिच्यातली नाशिकची सहा पोरं स्टॅन्लीने जमवलेल्या माणसांबरोबर आत पाठवली गेली. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार हे त्यांतले. ऑगस्ट १८७२ मध्ये ती लिव्हिंगस्टनला येऊन मिळाली.

आठ-नऊ महिन्यांनी, मे १८७३ च्या पहिल्या दिवशी पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन झोपडीत खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. गोरा माणूस एकही नाही. साठेक माणसांचा तांडा, परका मुलूख, पावसाने भिजलेली दलदल. अशा वेळी शरणपूरला शिकलेल्या पोराने पहिलं काम कोणतं करावं? यादी. सुसी आणि चुमाने सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांसमक्ष पेट्या उघडल्या, आणि जेकब वेनराइटला लिव्हिंगस्टनच्याच एका छोट्या वहीत प्रत्येक वस्तू लिहून घ्यायला सांगितलं. पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून. अंबडच्या कुठल्याही स्टोअरमध्ये मालक वारल्यावर शहाणा स्टोअरकीपर हेच करील: आधी साक्षीदार, मग कुलूप, मग रजिस्टर.

मग प्रेताचं काम. ते इंग्लंडला न्यायचं ठरलं, आणि हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, कोणाचा हुकूम नव्हता. गावाबाहेर वरून उघडी झोपडी बांधली, भोवती कुंपण घातलं. फरिजाला नावाचा एकजण पूर्वी झांझिबारला डॉक्टरकडे कामाला होता. त्याने आणि आपल्या कॅरस फरारने मिळून शरीर उघडलं. काळीज आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली. शरीरात मीठ भरून दोन आठवडे उन्हात वाळवलं, मग कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधून वरून डांबर फासलं. जेकबने झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली: लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख आणि मोहिमेतल्या म्होरक्यांची नावं. तारीख ४ मे अशी पडली आहे, रोजनिशी छापणाऱ्यांनी १ मे धरली. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. मला तरी वाटतं, हातात चाकू असलेल्या माणसाचं आधी ऐकावं. खोडाचा तो तुकडा १८९९ मध्ये कापून लंडनला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे पाठवला गेला.

किनारा हजार मैलांहून लांब. वाटेत उन्यान्येंबेला इंग्रज लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. प्रेत इथेच पुरा, असा त्याचा सल्ला. तो त्यांनी ऐकला नाही. कॅमेरॉनने लिव्हिंगस्टनची बरीच उपकरणं आपल्या प्रवासासाठी ठेवून घेतली. त्याला अडवण्याइतका अधिकार त्यांना नव्हता. पुढच्या मुलखात प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी एक नकली प्रेत करून ते परत पाठवल्याचं सोंग केलं आणि खऱ्याला कापडाच्या गठ्ठ्याचं रूप दिलं. या तांड्यात हलिमा होती, लिव्हिंगस्टनचा स्वयंपाक करणारी. चुमाची बायको न्ताओएका होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये मंडळी बागामोयोला समुद्रावर पोचली. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी पेटी ताब्यात घेतली आणि बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावलं.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली होता, डॉ. कर्क होता आणि जेकब वेनराइट होता. त्याचं भाडं सीएमएसने भरलं म्हणून तो तिथे पोचला. चुमा आणि सुसी दफनानंतर दुसऱ्याच्या खर्चाने गेले. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने तांड्यातल्या माणसांसाठी चांदीची साठ पदकं पाडली, पण ती आफ्रिकेत पोचेपर्यंत माणसं केव्हाच पांगली होती. जेकब पुढे पूर्व आफ्रिकेत इकडेतिकडे नोकऱ्या करत राहिला आणि १८९२ मध्ये उरांबोला वारला.

इथपर्यंतची गोष्ट जगाला माहीत आहे, निदान इंग्रजी वाचणाऱ्या जगाला. २००७ मध्ये लंडनच्या त्याच सोसायटीने 'बॉम्बे आफ्रिकन्स' नावाचं प्रदर्शनही भरवलं होतं. पण शरणपूरची खरी कमाई मला चितांबोच्या झाडाखाली दिसत नाही. ती मोंबासाला दिसते.

फ्रिअरने १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानावर दाब आणला आणि ५ जूनच्या तहाने गुलामांचा बाजार बंद झाला. आता सुटणाऱ्या माणसांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वस्ती हवी, आणि ती शरणपूरसारखी हवी, असं ठरलं. ती घालायला सीएमएसने प्राइसलाच धाडलं. १८७५ मध्ये मोंबासाच्या खाडीपलीकडे जमीन घेऊन त्याने वस्ती उभी केली आणि तिला फ्रिअरटाउन नाव दिलं. आता माणसं कुठून आणायची? शरणपूरहून. मुंबई-नाशिककडची दीडशेच्या आसपास आफ्रिकन मंडळी तिकडे गेली: सुतार, लोहार, गवंडी, मास्तर, त्यांच्या बायका. त्याआधीच, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स आणि इश्मायल सेमलर हे दोघे सपत्नीक मोंबासाजवळच्या राबईला जाऊन बसले होते. जॉर्ज डेव्हिड हाही त्याच पिढीचा. त्यांच्या बायकांनी काय केलं हे कागदांत शोधावं लागतं. 'पत्नी' एवढ्यावर बहुतेक ठिकाणी बोळवण आहे.

नव्या गलबतांतून उतरणारी मुलं घाबरलेली, उपाशी, देवी निघालेली. त्यांना पहिल्यांदा समोर दिसलं ते काळं माणूस, आणि त्या माणसाने कधीतरी त्याच गलबतात बसून समुद्र पार केलेला होता. प्राइसला शरणपुरात दुभाषा लागत होता. जोन्सला फ्रिअरटाउनात लागला नसेल. अनाथालयाची खरी परीक्षा माझ्या मते एवढीच, की तिथलं पोर मोठं होऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतं का. शरणपूरची पोरं बसली. मात्र खुर्ची तीच आणि पगार तोच, असं झालं नाही.

पगारावरून वाद लवकरच निघाला. मुंबईकडून आलेल्या मंडळींना कारागिराची किंमत ठाऊक होती, मिशनला हवे होते सेवक. त्यांना गोऱ्या मदतनिसांहून खालचं स्थान मिळालं आणि त्यांनी ते निमूट घेतलं नाही. पत्रांतून 'ही मंडळी शेफारली आहेत' असा सूर लागू लागला. जो सूर अंबडला युनियन झाली की ऐकू येतो, तोच. प्राइस परत गेल्यावर जे. आर. स्ट्रीटर नावाचा बिनपाद्री व्यवस्थापक आला. त्याने वस्तीतल्या लोकांना इतके फटके मारवले की ओरड लंडनपर्यंत गेली, चौकशी झाली, आणि १८८१ मध्ये निस्तरायला पुन्हा प्राइसलाच बोलवावं लागलं. गुलामीतून सोडवलेल्या माणसांना फटके मारणारा सेवक! असं होतं, कारण आश्रिताला तक्रार करायला दुसरी जागा नसते. हे शंभर वर्षांपूर्वीचं दुखणं नाही, हे आजच्या कुठल्याही बालगृहाला विचारा.

विल्यम जोन्स १८८५ मध्ये डीकन झाला, म्हणजे पाद्रीपदाची पहिली पायरी चढला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला तेव्हा जोन्स तांड्याबरोबर होता. बिशप निवडक माणसं घेऊन पुढे गेला आणि ऑक्टोबरअखेर बुसोगात मारला गेला. बरोबरचे बहुतेक हमालही. मागे थांबलेला जोन्स आठवडे मोजत वाट पाहत राहिला. चार-दोन वाचलेले परत आले तेव्हा खबर पक्की झाली. उरलेला तांडा घेऊन त्याने शेकडो मैल उलटा प्रवास केला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये माणसं राबईला आणून पोचवली. तांड्यापुढे निळं निशाण होतं, त्यावर बायबलातला शोकाचा एक शब्द पांढऱ्या अक्षरांत. चितांबोहून शरणपूरच्या पोरांनी जे केलं तेच काम, फक्त या वेळी तांड्याचा प्रमुखही शरणपूरचाच होता.

राबईत जोन्सकडे लोक पळून येत होते. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मालकांचे गुलाम रात्रीतून निसटायचे आणि मिशनच्या हद्दीत झोपडी घालायचे. कायद्याने त्यांना ठेवून घेणं गुन्हा. सुलतानाच्या मुलखात गुलाम बाळगणं अजून वैध होतं, बंदी व्यापाराला होती. मिशनने तसं कबूलही केलेलं: पळालेल्यांना आम्ही थारा देत नाही. जोन्सने दिला. किती जणांना, याचा हिशेब त्याने लंडनला कळवलेला दिसत नाही.

१८८८ मध्ये प्राइस तिसऱ्यांदा मोंबासाला आला. मालक हत्यारं परजून बसलेले, नवी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी नुकती पाय रोवणारी. प्राइसने राबईत जाऊन शोध घेतला तेव्हा पळून आलेली माणसं शेकड्यांनी निघाली. ज्या मुलाला तीस वर्षांपूर्वी अशाच अवस्थेत आपण शरणपुरात घेतलं, त्याला आता 'यांना का घेतलंस' असं विचारायची पाळी प्राइसवर आली. या काळाची आठवण प्राइसने पुढे पुस्तक लिहून छापली. त्यात तो भांबावलेला, कायद्याच्या बाजूने बोलणारा आणि तरीही माणसं परत द्यायला धजत नसलेला दिसतो. मला हा प्राइस शरणपूरच्या प्राइसपेक्षा जास्त आवडतो.

अखेर कंपनीचा जॉर्ज मॅकेंझी याने मालकांना मोबदला मोजून प्रश्न मिटवला. १ जानेवारी १८८९ रोजी राबईला सुमारे चौदाशे माणसांना मुक्ततेचे कागद वाटले गेले. श्रेय मॅकेंझीला मिळालं, थोडं प्राइसला. जोन्सला पूर्ण पाद्रीपद मिळालं ते १८९५ मध्ये. नाशिक सोडून तोवर त्याला एकतीस वर्षं झाली होती.